अठरा पदके आणि न मोजलेली वर्षे

दर चार वर्षांनी ऑलिंपिकचा सोहळा भरला की वृत्तपत्रांत एक चौकट नेमाने छापून येते. डावीकडे खेळाडूंची नावे, त्यांपुढे सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे तीन रकाने, आणि सरतेशेवटी बेरीज. इतिहासातील सर्वांत यशस्वी ऑलिंपिकपटू कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या चौकटीत एका दृष्टिक्षेपात मिळते. तिच्या शिरोभागी अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स ह्याचे नाव आहे. २३ सुवर्ण, ३ रौप्य, २ कांस्य, एकूण २८. त्याच्या खाली, बऱ्याच अंतरावर, एका स्त्रीचे नाव आहे. लारिसा लातिनिना, सोव्हिएत संघ, जिम्नॅस्टिक्स, ९ सुवर्ण, ५ रौप्य, ४ कांस्य, एकूण १८. फेल्प्सने तिला मागे टाकले ते २०१२ साली. त्यापूर्वी तब्बल ४८ वर्षे चौकटीचा शिरोभाग तिच्याकडे होता, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या स्मरणात नाही.

आम्ही त्या चौकटीचे जुने वाचक आहोत. बेरीज पाहण्याची आवड आम्हांस शाळेपासूनच लागली. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या अखेरीस आमच्या शाळेत 'सर्वोत्कृष्ट खेळाडू' म्हणून एक चषक दिला जाई. धावणे, लांब उडी, उंच उडी, गोळाफेक, पोत्यांची शर्यत अशा अनेक प्रकारांत जो अधिकांत अधिक नंबर पटकावी, त्याच्या हाती तो चषक पडे. आमच्या वर्गात कबड्डीचा एक विलक्षण गडी होता. त्याच्या एकट्याच्या चढाईवर सामने फिरत. परंतु कबड्डीच्या साऱ्या संघास मिळून एकच ढाल मिळे. त्यामुळे तो चषक त्याला कधी लाभला नाही. त्या वेळी आम्हांस त्याचे वाईट वाटे एवढेच. ह्या हिशेबातच काही गफलत आहे हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

ऑलिंपिकची चौकटही त्याच हिशेबाने चालते. ध्यानचंद १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकांत खेळले आणि तिन्ही वेळा भारतास सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या नावापुढे आकडा पडतो तो ३. लेस्ली क्लॉडियस चार ऑलिंपिक खेळले. तीन सुवर्ण आणि १९६० साली रोममध्ये एक रौप्य, एकूण ४. हॉकीपटूने कितीही अलौकिक खेळ केला तरी एका ऑलिंपिकात त्याला एकाहून अधिक पदक मिळण्याची सोयच नाही. जलतरणपटूस मात्र एकाच आठवड्यात आठ पदकांची संधी असते. तीच अंतरे निरनिराळ्या पद्धतींनी पोहायची, शिवाय सांघिक शर्यती आहेतच. फेल्प्सने २००८ साली बीजिंगमध्ये आठांपैकी आठही सुवर्णपदके मिळवली. ह्यात त्याचे कर्तृत्व उणे होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तथापि हॉकी आणि पोहणे एकाच मापाने मोजता येत नाही, हे चौकट सांगत नाही.

प्राचीन ग्रीकांचे माप तर आणखी निराळे होते. त्यांच्याकडे पदके नव्हती. जेत्याच्या मस्तकी रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट चढे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्यांची नोंदच नसे. ह्या मुकुटांचा मोठा धनी म्हणजे ऱ्होड्स बेटाचा लिओनिदास. इ. स. पूर्व १६४ ते १५२ ह्या काळात ओळीने चार ऑलिंपिकांत त्याने प्रत्येकी तीन शर्यती जिंकल्या. त्यांतील एक शर्यत ढाल आणि शिरस्त्राण घेऊन धावायची असे. हे एकूण बारा विजय झाले. वैयक्तिक विजयांचा हा विक्रम मोडला गेला तो २०१६ साली, रिओ द जानेरो येथे, जेव्हा फेल्प्सने आपले तेरावे वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. एकवीसशेहून अधिक वर्षे जे नाव अबाधित राहिले ते एका संध्याकाळी मागे पडले. करिंथजवळही असेच सामने भरत असत. करिंथकरांस लिहिताना संत पौलाने धावण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त घेतला, तो त्याच्या वाचकांस चटकन उमगला असणार.

त्या प्राचीन सामन्यांत स्त्रियांस स्थान नव्हते. विवाहित स्त्रियांस तर प्रेक्षक म्हणूनही मज्जाव असे. स्पार्टाची राजकन्या किनिस्का हिचे नाव जेत्यांच्या यादीत दोनदा लागले, ते रथशर्यतीत घोड्यांच्या मालकास जेता मानीत म्हणून. आधुनिक ऑलिंपिकचे जनक बॅरन पिएर द कूबर्तँ हेही ह्या बाबतीत जुन्याच मताचे होते. १८९६ च्या अथेन्समध्ये एकही स्त्री स्पर्धक नव्हती. १९०० साली पॅरिसमध्ये टेनिस, गोल्फ अशा मोजक्या खेळांत स्त्रिया आल्या. स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स सुरू व्हायला १९२८ उजाडले, आणि तेही केवळ एका सांघिक स्पर्धेपुरते.

ॲमस्टरडॅममधील ती पहिली स्पर्धा यजमान हॉलंडच्या मुलींनी जिंकली. त्या संघात पाच ज्यू मुली होत्या, आणि त्यांचे प्रशिक्षक गेरिट क्लेरेकोपर हेही ज्यू होते. त्यांचे पुढे काय झाले हे पदकांच्या चौकटीत कोठेही लिहिलेले नाही. १९४३ साली युडिक्ये सिमॉन्स, हेलेना नॉर्डहाइम आणि आन्स पोलाक ह्या तिघींना सोबिबोरच्या छळछावणीत, तर एस्टेला आग्स्टेरिबे हिला आउश्वित्झमध्ये ठार मारण्यात आले. क्लेरेकोपरही सोबिबोरलाच मारले गेले. पाचांपैकी एल्का द लेव्ही तेवढी वाचली. ज्या खेळाने पुढे लातिनिनास शिखरावर नेले त्याच्या पहिल्या सुवर्णपदकाची ही कथा आहे. ती येथे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

लारिसाचा जन्म २७ डिसेंबर १९३४ रोजी युक्रेनमधील खेर्सोन ह्या बंदराच्या शहरी झाला. माहेरचे आडनाव दीरी. ती वर्षाची होण्यापूर्वीच वडील घर सोडून गेले. पुढे स्टालिनग्राडच्या लढाईत ते कामी आले. आई निरक्षर. साफसफाईची आणि राखणीची कामे करून तिने मुलीस वाढवले. लारिसा सात वर्षांची होण्यापूर्वीच जर्मन फौजा खेर्सोनमध्ये शिरल्या आणि १९४४ च्या मार्चपर्यंत तेथे ठाण मांडून राहिल्या. युद्ध संपल्यावर ह्या मुलीने नृत्य शिकायला आरंभ केला. बॅले नर्तकी व्हायचे हे तिचे स्वप्न होते. परंतु नृत्यशिक्षक गाव सोडून गेले, वर्ग बंद पडला, आणि तिने शाळेतील जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात नाव घातले. एका नृत्यशिक्षकाच्या स्थलांतराने क्रीडेच्या इतिहासाचे एक पान बदलले म्हणायचे! तिच्या हालचालींत अखेरपर्यंत जो डौल राहिला तो बॅलेकडून आलेला, असे जाणकार म्हणत. फ्लोअर एक्सरसाइज, म्हणजे मोकळ्या चौरसावरील कसरत, ह्या प्रकारात तिला सलग तीन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळाले, ते ह्या डौलामुळेच.

शालेय शिक्षण उत्तम रीतीने पुरे करून ती कीएव्हला गेली. १९५४ साली, एकोणिसाव्या वर्षी, रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाबरोबर तिने पहिले मोठे सांघिक सुवर्णपदक मिळवले. येथे तिच्या दैवाचाही विचार केला पाहिजे. स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक साधनावर वेगळे ऑलिंपिक पदक देण्यास सुरुवात झाली ती १९५२ साली, हेलसिंकीत. सोव्हिएत संघही ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो तेथेच. म्हणजे लारिसा ऐन उमेदीत आली तेव्हा सात पदकांची दारे नुकतीच उघडली होती. पाच-दहा वर्षे अगोदर जन्मलेल्या मुलीसमोर ती दारे बंदच होती.

अशी एक मुलगी होती. लारिसाहून ती पाच-दहा नव्हे, चांगली तेरा-चौदा वर्षांनी मोठी होती. आग्नेश केलेती हिचा जन्म ९ जानेवारी १९२१ रोजी बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. सोळाव्या-सतराव्या वर्षीच ती हंगेरीतील अग्रगण्य खेळाडूंत गणली जाऊ लागली. १९४० चे ऑलिंपिक तिचे पहिले ऑलिंपिक ठरायचे होते. ते युद्धामुळे भरलेच नाही. १९४४ चेही नाही. १९४१ मध्ये ज्यू म्हणून तिला क्लबातून काढून टाकण्यात आले. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापल्यावर तिने एका ख्रिस्ती मुलीची कागदपत्रे विकत घेतली आणि एका खेड्यात मोलकरीण म्हणून दिवस काढले. वडिलांना आउश्वित्झला नेण्यात आले. ते परतले नाहीत. आई आणि बहीण वाचल्या त्या स्वीडिश मुत्सद्दी राउल वॉलेनबर्ग ह्यांनी उभारलेल्या आश्रयामुळे. युद्धानंतर तिने पुन्हा सराव सुरू केला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली, आणि ऐन वेळी दुखापत झाल्याने तिला प्रेक्षकांत बसावे लागले.

ऑलिंपिकची गणना करणाऱ्यांची एक रीत आम्हांस येथे मोठी चमत्कारिक वाटते. बर्लिनचे १९३६ चे ऑलिंपिक अकरावे, आणि लंडनचे १९४८ चे चौदावे. मधली बारावे आणि तेरावे ही कोठेही भरली नाहीत. पण त्यांचे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. न भरलेल्या ऑलिंपिकांस गणनेत जागा आहे. त्यांत जे खेळले असते त्यांच्यासाठी रकाना नाही.

आग्नेश केलेतीस पहिले ऑलिंपिक पदक मिळाले ते १९५२ साली हेलसिंकीत. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. ज्या वयात बहुतेक मुली हा खेळ सोडून संसारात रमलेल्या असत त्या वयात ती आरंभ करीत होती. फ्लोअर एक्सरसाइजमध्ये सुवर्ण आणि इतर तीन पदके तिने मिळवली. महाराष्ट्रातील वाचकांस हेलसिंकी आठवते ते वेगळ्या कारणाने. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव ह्यांनी त्याच ऑलिंपिकात कांस्यपदक मिळवले, आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक ठरले. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकले होते. चौकटीत खाशाबांच्या नावापुढे १ हा आकडा आहे.

आता १९५६ कडे वळू. ह्या सबंध कथेत ते वर्ष आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्या वर्षीचे ऑलिंपिक मेलबर्नला होते आणि दक्षिण गोलार्धातील ऋतुमानामुळे ते २२ नोव्हेंबरला सुरू व्हायचे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस बुडापेस्टमध्ये उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले आणि उठाव चिरडला गेला. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले. दोन लाख लोक देशोधडीला लागले. स्पेन, हॉलंड आणि स्वित्झर्लंड ह्या देशांनी निषेध म्हणून मेलबर्नवर बहिष्कार घातला. हंगेरीचे खेळाडू मात्र आले. वॉटर पोलोच्या सामन्यात हंगेरियन आणि सोव्हिएत खेळाडूंत हाणामारी होऊन एका हंगेरियनाच्या डोळ्याजवळून रक्त वाहू लागले. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि 'रक्ताळलेल्या पाण्याचा सामना' म्हणून तो आजही सांगितला जातो.

जिम्नॅस्टिक्सच्या सभागृहात असे काही घडले नाही. तेथे पस्तीस वर्षांची केलेती आणि एकविसाव्या वर्षातून बाविसाव्यात जाणारी लातिनिना एकमेकींसमोर उभ्या होत्या. एकीचे वडील नाझींच्या छळछावणीत गेले, दुसरीचे त्याच नाझींशी लढताना रणांगणावर. आणि आता एकीच्या देशाचे रणगाडे दुसरीच्या गावात उभे होते. सर्व साधनांवरील गुणांची बेरीज झाली तेव्हा लातिनिना पहिली आली आणि केलेती दुसरी. सांघिक स्पर्धेत सोव्हिएत संघ पहिला, हंगेरी दुसरा. व्हॉल्टमध्ये लातिनिनास सुवर्ण. उंच-सखल दांड्यांवर केलेतीस सुवर्ण आणि लातिनिनास रौप्य. हातांत साधने घेऊन करावयाच्या सांघिक कसरतीत हंगेरीच्या मुली पहिल्या आल्या. फ्लोअर एक्सरसाइजमध्ये दोघींचे गुण तंतोतंत सारखे भरले आणि सुवर्णपदक दोघींस विभागून देण्यात आले. एका चौथऱ्यावर, एकाच पायरीवर, एक हंगेरियन आणि एक सोव्हिएत स्त्री त्या महिन्यात उभी राहिली. वॉटर पोलोचे छायाचित्र सर्वांस ठाऊक आहे, ह्या प्रसंगाची कोणी फारशी वाच्यता केलेली आम्हांस आढळली नाही.

बॅलन्स बीम, म्हणजे जेमतेम चार इंच रुंदीची ती उंचावरची तुळई, केलेतीने जिंकली. लातिनिना चौथी आली. ह्या चौथ्या क्रमांकाचे महत्त्व आमच्या उशिरा ध्यानात आले. तीन ऑलिंपिकांत मिळून लातिनिनासमोर एकूण १९ स्पर्धा होत्या. मेलबर्नमध्ये सात, रोममध्ये सहा, टोकियोत सहा. त्यांपैकी १८ स्पर्धांत तिला पदक मिळाले. निसटली ती एकच, मेलबर्नची तुळई. ज्या चौकटीत नुसती बेरीज असते तीत हे दिसत नाही. आमच्या मते फेल्प्सच्या २८ पदकांपेक्षाही ही १९ पैकी १८ अधिक विस्मयकारक आहेत. तथापि ह्यावर वाचकांचे मत वेगळे असू शकेल.

मेलबर्नमध्ये चार सुवर्ण आणि दोन रौप्य मिळवूनही केलेती मायदेशी परतली नाही. इतर अनेक हंगेरियन खेळाडूंप्रमाणे तिने ऑस्ट्रेलियात आश्रय मागितला. पुढच्या वर्षी ती इस्राएलला गेली, तेथेच स्थायिक झाली, संसार थाटला, आणि त्या नव्या देशातील जिम्नॅस्टिक्सची शिक्षिका झाली. तिची ऑलिंपिक कारकीर्द अवघ्या दोन ऑलिंपिकांची. पदके दहा.

लातिनिना खेळत राहिली. १९५८ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिने सहांपैकी पाच सुवर्णपदके मिळवली, आणि त्या वेळी ती चार महिन्यांची गरोदर होती. आज एखाद्या वैद्यास विचारले तर तो कानांवर हात ठेवील! वर्षअखेरीस तिला कन्यारत्न झाले. १९६० साली रोममध्ये ती आई म्हणून उतरली आणि पुन्हा तीन सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य घेऊन गेली. १९६४ साली टोकियोत तिची तिशी जवळ आली होती. दोन सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य मिळून बेरीज १८ वर पोहोचली, परंतु ज्या मुकुटाला खेळाडू खरा मान देतात तो सर्वसाधारण विजेतेपदाचा मुकुट ह्या वेळी तिच्याकडून गेला. तो नेला प्राहा येथील बावीस वर्षांच्या व्हेरा चास्लाव्स्काने.

चास्लाव्स्काची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण मेलबर्नची गोष्ट बारा वर्षांनी तिच्या वाट्यास पुन्हा आली. १९६८ च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियात मोकळे वारे वाहू लागले होते. त्या चळवळीला पाठिंबा देणाऱ्या 'दोन हजार शब्द' ह्या जाहीरनाम्यावर तिने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा देशात शिरल्या. पकडले जाण्याच्या भीतीने ती डोंगराळ मुलखातील एका खेड्यात लपली. मेक्सिकोचे ऑलिंपिक दोन महिन्यांवर आले होते. तेथे जंगलात झाडांच्या फांद्यांना लोंबकळून, बटाट्यांची पोती उचलून आणि हात राठ राहावेत म्हणून कोळसा ओढून तिने सराव चालू ठेवला. अखेर तिला मेक्सिकोस जाण्याची मुभा मिळाली.

तेथे तिने चार सुवर्ण आणि दोन रौप्य पदके मिळवली. फ्लोअर एक्सरसाइजसाठी तिने मेक्सिकोच्याच लोकनृत्याची धून निवली होती, आणि प्रेक्षक तिच्यावर लुब्ध झाले. परंतु ह्या स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या लारिसा पेत्रिक हिचे आधीच्या फेरीतील गुण नंतर वाढवण्यात आले, आणि सुवर्णपदक दोघींस विभागून मिळाले. पुन्हा फ्लोअर एक्सरसाइज, पुन्हा रणगाड्यांनंतरचे काही आठवडे, आणि पुन्हा एका पायरीवर दोघी. सोव्हिएत राष्ट्रगीताचे सूर सुरू झाले तेव्हा व्हेराने मान खाली घालून तोंड एका बाजूस वळवले. बीमच्या पदकप्रदानाच्या वेळीही तिने तेच केले होते. तिने घोषणा दिली नाही की हात उंचावला नाही, पण मायदेशात सर्वांस तिचा अर्थ कळला.

त्या सभागृहात सोव्हिएत संघाची प्रशिक्षिका म्हणून लारिसा लातिनिना उपस्थित होती. तिच्या मनात त्या क्षणी काय आले असेल ह्याची कल्पना करण्याचा मोह होतो, पण तो आम्ही आवरतो. खेर्सोनची ती पितृहीन मुलगी ज्या राष्ट्राच्या नावे १८ वेळा चौथऱ्यावर चढली, त्याच राष्ट्राच्या कृतीपायी दोन वेळा तिच्या खेळातील उत्तम स्त्रियांनी घर गमावले वा मान खाली घातली. ह्यात तिचा दोष कोणता? तिने आपले काम केले. चौकट एवढेच सांगते, आणि ते खरे आहे.

मेक्सिकोतच, स्पर्धा संपता संपता, व्हेराने धावपटू योझेफ ओद्लोझिल ह्याच्याशी तेथील कॅथेड्रलमध्ये कॅथलिक विधीने विवाह केला. नवपरिणितांस पाहण्यासाठी हजारो मेक्सिकन लोटले होते. मायदेशी परतल्यावर चारही सुवर्णपदके तिने दुब्चेक आणि त्यांचे तीन सहकारी अशा चौघा नेत्यांस भेट दिली. नव्या राजवटीने सही मागे घेण्याचा आग्रह धरला. तिने ती घेतली नाही. परिणामी तिला काम मिळेनासे झाले, परदेशप्रवास बंद झाला, आणि तिचे आत्मचरित्र मायदेशी प्रसिद्ध होऊ शकले नाही. १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल ह्यांनी तिला आपली सल्लागार नेमले. सात सुवर्ण आणि चार रौप्य, एकूण ११, अशी तिची नोंद आहे. त्यांतील चार सुवर्णपदके तिच्या घरी नव्हती, ह्याने नोंदीत फरक पडत नाही.

लातिनिनाच्या हाताखाली सोव्हिएत मुलींनी १९६८, १९७२ आणि १९७६ अशी ओळीने तीन सांघिक सुवर्णपदके मिळवली. परंतु १९७६ साली माँट्रियलमध्ये रुमेनियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची दहापैकी दहा गुण घेऊन गेली. त्याचा बोल प्रशिक्षिकेवर आला, आणि १९७७ साली लातिनिनाने ते पद सोडले. दोन दशके सांघिक सुवर्ण खेचून आणणाऱ्या स्त्रीस, पहिल्यांदा खेळाडू आणि मग शिक्षिका म्हणून, हा अनुभव यावा ह्याचे वैषम्य वाटते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या व्यवस्थेत तिला स्थान मिळाले. १९९१ साली तिचे राष्ट्रच नकाशावरून गेले. ती मॉस्कोजवळ राहत होती; जन्मगाव खेर्सोन आता परदेशात गेले होते. २०२२ साली त्याच गावाने पुन्हा परकी फौज पाहिली. ह्या वेळी ती रशियाची होती.

३१ जुलै २०१२ रोजी लंडनच्या ऑलिंपिक तरणतलावावर ७७ वर्षांची लातिनिना प्रेक्षकांत बसली होती. त्या संध्याकाळी फेल्प्सने आधी रौप्यपदक मिळवून तिची बरोबरी केली आणि थोड्याच वेळात सांघिक शर्यतीतील सुवर्णाने तिला मागे टाकले. ते एकोणिसावे पदक आपल्या हस्ते त्याच्या गळ्यात घालावे अशी तिची इच्छा होती. पदके कोणी द्यावीत ह्याचे नियम ठरलेले आहेत, तुम्हांला ती देता येणार नाहीत, असे तिला सांगण्यात आले. तिने गॅलरीतूनच टाळ्या वाजवल्या. स्त्रियांमध्ये मात्र, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतरही, तिच्या १८ पदकांच्या जवळ कोणी आलेले नव्हते. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिने नऊ सुवर्णांची बरोबरी तेवढी केली.

व्हेरा चास्लाव्स्का ३० ऑगस्ट २०१६ रोजी प्राहा येथे निवर्तली, रिओचे ऑलिंपिक संपून जेमतेम नऊ दिवस झाले होते. आग्नेश केलेती म्हातारपणी बुडापेस्टला परतली आणि जगातील सर्वांत वयोवृद्ध ऑलिंपिक विजेती म्हणून नातवंडांच्या वयाच्या पत्रकारांशी हसतखेळत बोलत राहिली. २ जानेवारी २०२५ रोजी, १०४ व्या वाढदिवसाच्या एक आठवडा आधी, ती गेली. चौकटीत तिच्या नावापुढे ५ सुवर्ण, ३ रौप्य, २ कांस्य असे आकडे आहेत, आणि आरंभाचे वर्ष म्हणून १९५२ असे लिहिलेले आहे.